रेप्लिकेशन रखडलंय? आधी पाच मिनिटांचं गणित मांडा

मुंबईत मुख्य डेटा सेंटर, चेन्नईत डीआर (संकटात कामी येणारं पर्यायी केंद्र), मधे १०० एमबीपीएसची एमपीएलएस लिंक (सेवा देणाऱ्याच्या जाळ्यातली खासगी जोडणी), दोन्हीकडे हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आणि दर ५ मिनिटांनी रेप्लिकेशन, म्हणजे मुंबईतले बदल चेन्नईतल्या प्रतीवर उतरवणं. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत ही मांडणी सर्रास दिसते. पहिले काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग कधीतरी कन्सोलवर रेप्लिकेशन हेल्थ ‘वॉर्निंग’ दाखवायला लागते, चुकलेल्या सायकलींचा (वेळेत न झालेल्या फेऱ्यांचा) आकडा वाढत जातो आणि मीटिंगमध्ये ठरतं की लिंक २०० ची करून घेऊ. लिंकचे पैसे दुप्पट होतात, रेप्लिकेशन मात्र जिथल्या तिथे. लिंक वाढवणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते एका दुपारात शोधता येतं.

एका बदलाचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवा. व्हीएमने (आभासी सर्व्हरने) डिस्कवर काही लिहिलं की हायपर-व्ही त्याची नोंद व्हीएचडीएक्सच्या (व्हीएमच्या डिस्क-फाइलच्या) शेजारीच असलेल्या एचआरएल या लॉग फाइलमध्ये करतो. ५ मिनिटं झाली की ती लॉग फाइल बंद होते, नवी सुरू होते. बंद झालेली फाइल होस्ट (व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर) डिस्कवरून वाचतो, कॉम्प्रेस करतो आणि पोर्ट ८० किंवा ४४३ वरून पाठवतो. पलीकडचा होस्ट ती आधी आपल्या डिस्कवर उतरवतो, मग पुन्हा वाचून रेप्लिकाच्या व्हीएचडीएक्सवर चढवतो. म्हणजे वाचणं, पाठवणं, वाहणं आणि लिहिणं असे चार टप्पे झाले. सगळ्यांत हळू टप्प्याचा वेग तोच रेप्लिकेशनचा वेग. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर रेप्लिकेशनमध्ये लॉगऐवजी बदललेल्या ब्लॉकचा नकाशा ठेवला जातो आणि पोर्ट ३१०३१ वापरला जातो, पण टप्पे हेच. व्हीम हे बॅकअप-रेप्लिकेशनचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. जॉब संपल्यावर तो सोर्स, प्रॉक्सी, नेटवर्क आणि टार्गेट यांपैकी कोण किती टक्के व्यस्त होतं ते छापून देतो. हायपर-व्हीमध्ये हे हातानं शोधावं लागतं.

आता गणित. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइट यांची गल्लत सुटली की निम्म्या तक्रारी विरून जातात, म्हणून हे आधीच लिहून ठेवा. ५ मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे जास्तीत जास्त ३.७५ जीबी. हेडर, इतर वाहतूक आणि दोन सायकलींमधली उसंत धरली की हाती येतात ३ जीबी. सगळ्या व्हीएम मिळून कुठल्याही ५ मिनिटांत कॉम्प्रेस झाल्यानंतर ३ जीबीहून जास्त बदल करत असतील तर त्या सायकली चुकणारच. तिथे नेटवर्कची कुठलीही सेटिंग बदलून फायदा नाही.

दिवसाची सरासरी इथे फसवते. २ टीबीच्या व्हीएममध्ये रोज ३ टक्के बदल होतो असं धरलं तर ६० जीबी, म्हणजे चोवीस तासांत सरासरी साडेपाच एमबीपीएस. कागदावर लिंक रिकामी दिसते. पण त्यातले ४० टक्के बदल सकाळी अकरा ते एक या दोन तासांत होत असतील तर तेव्हा २७ एमबीपीएस लागतात. आणि रात्री दोन वाजता कुणी २०० जीबीच्या डेटाबेसचा फुल बॅकअप त्याच व्हीएमच्या डी ड्राइव्हवर घेत असेल, तर त्या फाइलचा बाइट न् बाइट चेन्नईला जातो. २०० जीबी १०० एमबीपीएसवरून पूर्ण वेगानं जायला साडेचार तास लागतात, प्रत्यक्षात साडेपाच. म्हणजे सकाळी साडेसातपर्यंत रेप्लिकेशन रात्रीचाच बॅकअप वाहत असतं.

आकडे कुठून आणायचे? मुख्य होस्टवर पॉवरशेलमध्ये मेजर-व्हीएमरेप्लिकेशन (Measure-VMReplication) हा आदेश चालवा. प्रत्येक व्हीएमच्या सायकलीचा सरासरी आकार, सरासरी लेटन्सी (लागलेला वेळ), किती सायकली झाल्या आणि किती चुकल्या ते समोर येतं. पर्फमॉनमध्ये (विंडोजचं कामगिरी मोजणारं साधन) हायपर-व्ही रेप्लिका व्हीएम नावाचा काउंटर संच आहे. त्यातले शेवटच्या सायकलीचा आकार, पाठवलेले बाइट आणि कॉम्प्रेशनची कार्यक्षमता हे तीन काउंटर दर मिनिटाला एक नोंद अशा हिशेबानं पूर्ण २४ तास फाइलमध्ये साठवा. शक्यतो महिनाअखेरचा किंवा बॅकअपचा दिवस धरून घ्या. आलेख काढला की बहुतेक वेळा एक-दोन व्हीएम बाकी सगळ्यांचं मिळून होतं त्याहून जास्त पाठवताना दिसतात.

त्या एक-दोन व्हीएममध्ये काय शोधायचं हे जवळपास ठरलेलं असतं. डेटाबेसचा बॅकअप स्थानिक डिस्कवर उतरतो का, इंडेक्स रीबिल्ड रोज रात्री चालतं का, विंडोजचं आठवड्याचं डीफ्रॅग चालू आहे का, पेजफाइल (मेमरीला जोड देणारी तात्पुरती फाइल) सी ड्राइव्हवरच आहे का, एसक्यूएल सर्व्हरचा टेम्पडीबी (तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) डेटाच्याच डिस्कवर आहे का. पेजफाइल आणि टेम्पडीबी डीआरला पाठवण्यात काहीच अर्थ नाही. दोन्ही वेगळ्या व्हीएचडीएक्सवर न्या आणि ती डिस्क रेप्लिकेशनमधून वगळा. यात एक मेख आहे. वगळलेली डिस्क रेप्लिका व्हीएमला नसते. टेम्पडीबीच्या फाइल एसक्यूएल सर्व्हर सुरू होताना पुन्हा तयार करतो, पण ज्या ड्राइव्हवर आणि ज्या फोल्डरमध्ये त्या करायच्या ते फोल्डर करत नाही. म्हणून डीआरच्या बाजूला तेवढ्याच आकाराची रिकामी डिस्क, तेच ड्राइव्ह अक्षर, तोच फोल्डर अशी तयारी करून ठेवावी लागते. नाहीतर फेलओव्हरच्या (काम डीआरवर हलवण्याच्या) दिवशी डेटा सगळा शाबूत आणि एसक्यूएल सुरूच होत नाही, असा प्रसंग येतो.

व्हीस्फिअर रेप्लिकेशनमध्ये आणखी एक सोय मिळते. एकच ब्लॉक १५ मिनिटांत पन्नास वेळा लिहिला गेला तरी त्याची शेवटची स्थितीच जाते. म्हणून आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळचा डेटा गमावणं चालेल ती मर्यादा) ५ मिनिटांवरून १५ किंवा ३० केला की गर्दीच्या डेटाबेसचा पाठवायचा डेटा खरोखर कमी होतो. धंद्याला खरंच किती मिनिटांचा डेटा गमावणं परवडतं हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी आरपीओ ५ मिनिटं असतो तो केवळ तो पर्याय यादीत दिसला म्हणून.

समजा, गणित बसतंय. बदल ३ जीबीच्या आत आहेत, तरी लिंकचा आलेख २० एमबीपीएसवर आडवा झोपलाय. इथून खरी शोधाशोध सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहिलेला भाग हाच आहे.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, पण केबल रस्त्यानं आणि रेल्वेमार्गानं वळसे घेत जाते. मधले राउटर धरून जाऊन-येऊन २५ मिलिसेकंद हा आकडा वाजवी आहे. टीसीपी पोचपावती येईपर्यंत विंडोएवढाच डेटा वाटेवर सोडतो. विंडो ६४ केबीची असेल तर २५ मिलिसेकंदांत ६४ केबी, म्हणजे सेकंदाला २.६ मेगाबाइट, म्हणजे २१ एमबीपीएस. लिंक १०० ची असो, २०० ची असो की १ जीबीपीएसची, एक सेशन २१ च्या पुढे जाणार नाही. १०० एमबीपीएस भरायला २५ मिलिसेकंदांवर किमान ३१२ केबीची विंडो लागते. आलेख २० वर अगदी सपाट दिसला की माझा पहिला संशय यावरच असतो.

आजच्या काळात ६४ केबीवर कोण अडकतं, असं वाटेल. विंडो स्केलिंग (विंडो ६४ केबीच्या पुढे नेण्याची सोय) १९९२ पासून प्रमाण आहे. पण ती बंद पडायची ठिकाणं भरपूर आहेत. दोन्ही होस्टवर नेटश इंट टीसीपी शो ग्लोबल (netsh int tcp show global) हा आदेश चालवून रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंगची ओळ पाहा. तिथे ‘नॉर्मल’ असायला हवं. विंडोज सर्व्हर २००८ च्या काळात ‘नेटवर्क हळू आहे, ऑटो-ट्यूनिंग बंद करा’ हा सल्ला सगळीकडे फिरत होता आणि तो जुन्या ग्रुप पॉलिसीतून आणि इन्स्टॉल स्क्रिप्टमधून आजही नव्या सर्व्हरवर उतरतो. विशेषतः डीआरचा होस्ट तपासा. डेटा तिथे उतरतो, त्यामुळे विंडो त्याचीच लागते. दुसरं ठिकाण फायरवॉल. काही फायरवॉल टीसीपीचे पर्याय ‘स्वच्छ’ करताना विंडो स्केलचा पर्यायच काढून टाकतात. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारं साधन) दोन्ही टोकांना कॅप्चर घ्या आणि सेशन सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्ये विंडो स्केल आहे का ते बघा. मुंबईहून निघताना आहे आणि चेन्नईत पोचताना नाही असं दिसलं तर चोर मधल्या डब्यात आहे. कॅप्चर सेशन सुरू व्हायच्या आधी चालू केलेलं असावं. मधूनच सुरू केलं तर सिन सापडत नाही आणि वायरशार्कला विंडोचा खरा आकार कळत नाही.

हे ताडून पाहायला आयपर्फ हे वेग मोजणारं साधन पुरतं. डीआरच्या होस्टवर सर्व्हर, मुंबईच्या होस्टवर क्लायंट. आधी एकच प्रवाह ६० सेकंद, मग आठ समांतर प्रवाह, मग उलट्या दिशेनं दोन्ही. विंडोजवर आयपर्फचा आकडा कमी वाटला तर मायक्रोसॉफ्टच्या एनटीटीटीसीपीनं खात्री करा. निकाल वाचायला सोपा असतो. एक प्रवाह २० आणि आठ मिळून ९४ आले तर लिंक ठणठणीत आहे, दोष विंडोचा किंवा पॅकेट गळतीचा. एक प्रवाह २० आणि आठ मिळूनही २० आले तर वाटेत कुणीतरी नळ आवळलाय. एकच प्रवाह ९४ देतो पण रेप्लिकेशन २० वरच चालतं, तेव्हा नेटवर्कच्या माणसाचे आभार मानून स्टोरेजकडे वळा. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर टीसीपीला ९४-९५ च्या वर मिळत नाहीत, उरलेले हेडरमध्ये जातात. त्यामुळे ‘पूर्ण १०० का नाहीत’ म्हणून सेवा देणाऱ्याशी भांडू नका.

नळ आवळणारे कोण? पहिला मानकरी आपणच. ‘दिवसा रेप्लिकेशननं लिंक खाऊ नये’ म्हणून कुणीतरी होस्टवर क्यूओएस पॉलिसी (वेगाला मर्यादा घालणारा नियम) घातलेली असते आणि तो माणूस आता कंपनीत नसतो. गेट-नेटक्यूओएसपॉलिसी (Get-NetQosPolicy) चालवून बघा. मग राउटरवरचा क्लास. मग फायरवॉल. रेप्लिकेशनच्या सेशनवर आयपीएस (घुसखोरी रोखणारी यंत्रणा) किंवा खोल तपासणी चालू असेल तर ते अख्खं सेशन फायरवॉलच्या एकाच कोअरवर चालू शकतं. बाकी कोअर मोकळे, एकूण सीपीयू १५ टक्के, आणि तो एक कोअर १०० टक्के. एकूण सीपीयूचा आकडा पाहून फायरवॉलला निर्दोष ठरवू नका. आयपीसेक टनेलवर (एन्क्रिप्टेड जोडणीवर) अजून ३डीईएस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत चालू असेल तर एईएसवर जा. दोन ठरावीक होस्टमधल्या, ठरावीक पोर्टवरच्या वाहतुकीला तपासणीतून वगळण्याचा वेगळा नियम सगळ्यांत वर ठेवा.

आता गळती. विंडो मोठी असूनही पॅकेट हरवत असतील तर टीसीपी दर वेळी हात आखडता घेतो. एका सेशनचा कमाल वेग साधारण सेगमेंटचा आकार भागिले राउंड ट्रिपचा वेळ, गुणिले १.२२, भागिले गळतीच्या प्रमाणाचं वर्गमूळ. २५ मिलिसेकंद आणि १४६० बाइट घेतले तर हजारात एक पॅकेट हरवल्यावर वेग १८ एमबीपीएस, शंभरात एक हरवलं तर ५.७, आणि दहा हजारांत एक असेल तेव्हा ५७. हे जुन्या रेनो पद्धतीचं गणित आहे. नव्या विंडोज सर्व्हरमधलं क्यूबिक थोडं बरं वागतं, पण अंदाज तोच. साध्या पिंगनं हजारात एक गळती दिसत नाही. शंभर पिंग पाठवून ‘झिरो लॉस’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आयपर्फच्या यूडीपी चाचणीत ८० एमबीपीएस दोन मिनिटं सोडा आणि हरवलेल्या पॅकेटचा आकडा वाचा.

गळतीचं सगळ्यांत नेहमीचं कारण पोलिसिंग. सेवा देणाऱ्याचं हँडऑफ पोर्ट १ जीबीपीएसचं आणि विकत घेतलेला वेग १००. आपला राउटर क्षणभर १ जीबीपीएसनं पॅकेटांचा झोत सोडतो, पलीकडचा पोलिसर १०० च्या वरचं सरळ टाकून देतो. मिनिटाच्या सरासरीत आलेख ६० दाखवतो आणि गळती का होते कळत नाही. उपाय फुकट आहे. आपल्याच राउटरवर बाहेर जाणारी वाहतूक ९५ एमबीपीएसला शेप करा. पॅकेट रांगेत थांबतील, पण फेकली जाणार नाहीत. ही एक ओळ घातल्यावर रेप्लिकेशन दुप्पट-तिप्पट वेगानं चालायला लागणं अगदी शक्य आहे. हँडऑफ १०० चं असेल तर दोन्ही टोकांचं डुप्लेक्स बघा. एकीकडे १०० फुल हातानं घातलेलं आणि दुसरीकडे ऑटो असेल तर ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर उतरतं, आणि इंटरफेसवर सीआरसी किंवा लेट कोलिजन वाढत जातात.

एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) भानगड वेगळ्या चेहऱ्यानं येते. पिंग चालतं, लॉगिन होतं, रेप्लिका सर्व्हरची चाचणी पास होते, आणि मोठी फाइल सुरू झाली की सेशन गोठतं. टनेलमुळे १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही आणि ‘लहान करून पाठव’ सांगणारा आयसीएमपीचा निरोप कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. गेला नाही तर १०-१० नं उतरत जा. जो सर्वांत मोठा आकार जातो त्यात २८ मिळवले की वाटेचा एमटीयू. त्यातून ४० वजा केले की टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा), आणि तो टनेलच्या इंटरफेसवर क्लॅम्प करा. आयपीसेकवर १३६० बहुतेक वेळा सुरक्षित असतो.

आता चेन्नईची डिस्क. डीआरला बहुधा मुंबईहून उतरवलेलं जुनं स्टोरेज जातं. मुंबईत एसएसडी, चेन्नईत सहा ७२०० आरपीएमच्या साटा डिस्कचं रेड ६ (अनेक डिस्क एकत्र बांधायची एक पद्धत). एका डिस्कचे साधारण ७५ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लिखाणं), सहांचे ४५०. रेड ६ मध्ये एका लहान रँडम लिखाणाला सहा आयओ लागतात, म्हणजे हाती उरतात सेकंदाला ७५ लिखाणं. त्याच डिस्कची रेड १० केली तर २२५. त्यावर रेप्लिकेशन आलेला लॉग आधी लिहितं, मग वाचतं, मग रँडम जागी चढवतं. त्यात प्रत्येक व्हीएमचे २४ रिकव्हरी पॉइंट (मागे जाता येईल अशा जुन्या स्थिती) ठेवले असतील तर डिफरन्सिंग डिस्क आणि मर्ज यांचं ओझं वेगळं. पर्फमॉनमध्ये डीआर होस्टचा सरासरी डिस्क सेकंद प्रति राइट पाहा. तो सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर लिंकला हात लावू नका. रिकव्हरी पॉइंट २४ चे ४ करून बघा. ॲप्लिकेशन-कन्सिस्टंट पॉइंट (ॲप्लिकेशनचा डेटा सुसंगत ठेवून घेतलेली स्थिती) दर तासाला असेल तर चार तासांवर न्या.

आणि रेड कंट्रोलरची बॅटरी बघाच. ती मेली की कंट्रोलर राइट-बॅकवरून (आधी कॅशमध्ये लिहिणं) राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातो आणि लिखाणाचा वेग एका रात्रीत कोसळतो. डीआरच्या खोलीत रोज कुणी जात नाही, त्यामुळे तो पिवळा दिवा महिनोन्महिने तसाच जळत राहतो. काल चालत होतं आणि आज नाही, बदल कुणीच केला नाही, अशा तक्रारीत मी बॅटरी सगळ्यात आधी तपासायला सांगेन. दुसरं म्हणजे अँटिव्हायरस. होस्टवर व्हीएचडीएक्स, एव्हीएचडीएक्स आणि एचआरएल या फाइली, तसंच व्हीएमएमएस आणि व्हीएमडब्ल्यूपी या प्रोसेस वगळलेल्या हव्यात. मुंबईत वगळलेल्या असतात, चेन्नईत राहून जातात.

कॉम्प्रेशन मुळात चालू असतं आणि तसंच राहू द्या. अपवाद दोन. होस्टचा सीपीयू खरंच भरलेला असेल, किंवा मधे वॅन ऑप्टिमायझर (सारखा डेटा पुन्हा न पाठवता लिंक वाचवणारं उपकरण) असेल. ऑप्टिमायझरला कॉम्प्रेस झालेल्या किंवा ४४३ वरून एन्क्रिप्ट होऊन आलेल्या डेटात सारखेपणा सापडत नाही. पोर्ट ८० आणि केर्बेरोसवर (तिथे डेटा एन्क्रिप्ट होत नाही) जायचं असेल तर खालची लिंक स्वतः एन्क्रिप्टेड आहे याची आधी खात्री करा.

एक धोका वेगळा सांगायला हवा. पाठवणं मागे पडत गेलं की मुंबईतल्या एचआरएल फाइल फुगतात. त्यांचा आकार व्हीएचडीच्या निम्म्यावर गेला की हायपर-व्ही लॉग सोडून देतो आणि त्या व्हीएमला रिसिंक मागतो. रिसिंकमध्ये दोन्हीकडची अख्खी डिस्क वाचून ब्लॉकनिहाय तुलना होते. लिंकवरून फक्त फरक जातो, पण दोन्हीकडच्या स्टोरेजला घाम फुटतो आणि त्यामुळे बाकीच्या व्हीएमच्या सायकलीही चुकतात. मग त्यांचेही लॉग फुगतात. याच साखळीतून एका व्हीएमची कुरबूर दोन दिवसांत वीस व्हीएमची होते. त्यात एचआरएल ज्या व्हॉल्यूमवर आहेत तो भरला तर चालू व्हीएमच पॉज होतात, म्हणजे डीआरच्या दुखण्यानं प्रॉडक्शन आडवं होतं. व्हॉल्यूमवर २० टक्के जागा मोकळी ठेवा आणि त्यावर अलर्ट लावा.

म्हणून कारण सापडल्यावर सगळं एकदम ‘रिझ्यूम’ करू नका. आधी ज्यांचे लॉग अजून निम्म्याच्या खाली आहेत त्या व्हीएम सुरू करा, लहान आधी, मोठ्या नंतर. त्यांचा बॅकलॉग उतरला की रिसिंक मागणाऱ्या घ्या, रात्री, एका वेळी एक, आणि मुंबईचा बॅकअप जॉब त्या वेळेत येणार नाही असं बघून. आपोआप रिसिंकची वेळ प्रत्येक व्हीएमच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. सगळ्यांना एकच वेळ देऊ नका. २ टीबीची व्हीएम अगदीच हाताबाहेर गेली असेल तर लिंकवरून नव्यानं पाठवायला १०० एमबीपीएसवर प्रत्यक्षात दोन दिवसांहून जास्त लागतात. त्यापेक्षा एन्क्रिप्ट केलेल्या बाह्य डिस्कवर पहिली प्रत काढून कुरिअरनं चेन्नईला पाठवा आणि तिथे इम्पोर्ट करा. डिस्क वाटेत असताना मुंबईत बदलांचे लॉग साठत राहतात, त्यामुळे पाठवण्याआधी त्या तीन-चार दिवसांच्या बदलांना पुरेल एवढी जागा व्हॉल्यूमवर आहे का, ते मोजून घ्या.